दारात अडलेला पांढरा झगा

तुमच्यापैकीच कुणीतरी या मुलीच्या कानात सांगितलंत, "आई सुटली तर सुटू दे, आता चर्चच तुझी आई." कोण बोललं, मला दिसलं नाही. कपाटाचं दार लावलेलं होतं. शब्द मात्र आतपर्यंत आले.

मी चर्चमधल्या त्या कपाटातला पांढरा झगा बोलतोय. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी शिवलेला. सुतार, नर्स, एक निवृत्त मास्तर, कितीजण माझ्यात शिरले आणि पाणी पडण्याआधीच घामाने भिजले! ईस्टरला अंगावर चढायचं, आठ दिवस घरीदारी वावरायचं, पुढच्या रविवारी घडी होऊन परत यायचं, ही इथली जुनी रीत. उरलेलं वर्ष मी आणि डांबराच्या गोळ्या.

जानेवारीत पौलाच्या परिवर्तनाचा सण येतो. फादर रंगात येऊन सांगतात : ख्रिस्ती लोकांना छळायला निघालेला माणूस वाटेत प्रकाशाने कोसळला आणि उठला तो निराळाच होऊन. त्याच दिवशी इथे बाप्तिस्म्यासाठी तयार झालेल्यांची नावं वाचतात. लोकांना ही गोष्ट फार आवडते. झटक्यात आटोपते ना! पौलाच्या आईने त्या दिवशी चूल पेटवली का, हे कुणी विचारत नाही.

यंदा एकच नाव वाचलं गेलं. शिंपीणबाईंच्या मुलीचं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला तेव्हा ती मला आखूड करायला घरी घेऊन गेली. पुढे दुकान, मागे घर, दार एकच. आईने मशीन थांबवलं आणि मला चिमटीत उचललं.

"हाच का तो?"

"हो. आठ दिवस घालायचाय."

"गिऱ्हाइकांसमोर? काय सांगू त्यांना, लेकीला घरचा देव पुरेना?"

"देव बदलतेय मी, आई नाही."

"जीभ फार चालायला लागली तुझी. हा घालून या दारात पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते."

मुलीने मला स्वतःच आखूड केलं. टाके वाकडे पडले. आईने पाहिलं, ओठ आवळले, पण सुईला हात लावला नाही.

आज ईस्टरच्या सकाळी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं. मी चिंब झालो. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. गर्दी पांगल्यावर फादर हळूच म्हणाले, "बाळ, हवं तर झगा इथेच ठेव. रीत आहे, बेडी नव्हे."

"लपूनछपूनच करायचं होतं, तर आईला सांगितलंच नसतं," ती म्हणाली आणि तशीच निघाली. मिठ्या मारणाऱ्यांपैकी एकही तिच्याबरोबर रस्त्यावर उतरला नाही.

आता आम्ही दुकानासमोर उभे आहोत. दारात आई. गळ्यात मापाची पट्टी, दोन्ही हात चौकटीवर.

"आई, सरक ना."

आई हलत नाही. मुलगी माझी ओली कड पिळतेय.

मी कापड आहे हो, कुंपण नाही! देव बदलला म्हणून लेकीला बाहेर काढणारे आणि देव मिळाला म्हणून तिला आई विसरायला सांगणारे, तुम्ही दोघेही मला मध्ये धरू नका. सोडा मला!

कपडे न्यायला आलेली एक बाई आतून डोकावली.

"अहो, भिजलीय ती पोर. आधी आत घ्या, मग भांडा."