खालचं झाकण

नेदरलँड्समधल्या आमच्या आर्नहेमच्या घरात भिंतीवरचे, खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर नाहीत. आख्ख्या गल्लीत सगळ्यांकडे आहेत, पण आमच्या ह्यांना, म्हणजे विश्वासना, हेच जुनं घर आवडलं. जिन्याखालच्या कपाटात गरम हवेची भट्टी आहे. तिचा पंखा फिरला की जमिनीतल्या जाळ्यांतून ऊब वर येते. हे गेल्यापासून घरात माझ्याशिवाय आवाज करणारा तो पंखाच. शनिवारी सकाळी तोही गप्प होता.

आधीच माझं डोकं फिरलेलं होतं. माझा मुलगा सारंग रविवारी हेगहून येणार, म्हणून मी इडलीचं वाटून ठेवलं होतं. पातेलं नेहमीसारखं भट्टीच्या कपाटात सरकवलं. या देशात पीठ दुसरीकडे कुठे फुगायचं नावच घेत नाही ना! आणि सकाळी उठून बघते तर मेसेज: ‘आई, सॉरी, आर्याची हॉकी मॅच आहे, पुढे कधीतरी बघू.’ आर्या म्हणजे माझी नात. हे ‘बघू’ मी उन्हाळ्यापासून बघतेय.

मी फक्त ‘भट्टी बंद पडली’ असं लिहिलं. एरवी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होणारा माझा चिरंजीव, पण त्याने लगेच व्हिडिओ कॉल लावला.

“आई, पॅनिक होऊ नकोस. थर्मोस्टॅट वाढव.”

“वाढवला. मला काय बाळ समजतोस?”

“मग फ्यूज बघ. मीटरच्या कपाटात.”

बघितला, ठीक होता. मग भट्टीतला हवेचा फिल्टर काढायला लावला. तो मी परवाच झटकला होता, तरी काढला. मध्येच म्हणाला, “बाबा फिल्टर मागच्या अंगणात धुवायचे, आठवतं? माझ्या अंगावर पाणी उडवायचे.” आठवतं का म्हणे! मला आठवणार नाही तर कुणाला? पण त्याला आठवतंय, हे मला माहीत नव्हतं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं ह्यांच्याबद्दल बोललो, तेही फिल्टर हातात धरून. इतकं बरं वाटलं मला.

“ओके, लास्ट थिंग. भट्टीचं खालचं झाकण घट्ट बसलंय का? त्याच्यामागे एक स्विच असतो. झाकण जरा जरी सैल असेल तर पंखा स्टार्टच होत नाही.”

मी वाकले. इडलीचं पातेलं झाकणाला टेकून बसलं होतं. काल घाईत आत ढकललं तेव्हा त्याच्या काठाने झाकण एका बाजूने सुटलेलं. बोटभर फट. नुसतं दाबलं असतं तर काम झालं असतं.

“आई? घट्ट आहे का?”

फोन कानाशी नव्हता, समोर होता. त्यात त्याचा चेहरा दिसत होता. दाढी वाढलेली, अगदी ह्यांच्यासारखी.

“घट्ट आहे रे,” मी म्हणाले.

त्याने सुस्कारा टाकला. “वीकेंडला मेकॅनिक मिळणार नाही. उद्या मॅच झाली की मीच येतो. आर्यालाही आणतो.”

फोन ठेवला आणि झाकण दाबलं. पंखा घूं करून सुरू झाला, पायांना गरम हवा लागली. क्षणभर वाटलं, आज चालू ठेवावं, उद्या तो यायच्या आधी बंद करू. पण घर गरम लागलं तर लगेच पकडला गेला असता माझा खोटेपणा. शेवटी पोरगा इंजिनिअर बापाचा आहे. मुकाट्याने झाकण पुन्हा सैल केलं. पीठ मात्र ओव्हनमध्ये ठेवलं, आतला दिवा लावून. त्याला कशाला माझ्यासोबत गारठवायचं?

मग दोन स्वेटर, त्यावर ह्यांचा मफलर, आणि आल्याचा चहा. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती तिची वाटली, नाही असं नाही. पण मी खुशीत इडलीपात्र घासून ठेवलं आणि आर्यासाठी चटणी बिनमिरचीची केली.

संध्याकाळी सारंगचा पुन्हा फोन आला. आपणहून.

“आई, फार थंडी वाजतेय का गं?”

सकाळी त्याच्याशी खोटं बोलले होते, पण याचं उत्तर देताना काही बनवावं लागलं नाही.

“खूप वाजतेय रे,” मी म्हणाले. “बाबा गेल्यापासूनच वाजतेय. ये तू.”