पेंडीच्या पोत्यांचं तप

जोखाईच्या वळणावर त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. युसूफ वडगावच्या अलीकडे रस्ता माळावरून खाली उतरतो आणि ऐन उतारात, डाव्या हाताला, शेंदूर फासलेली जोखाई बसलेली आहे. एरवी शेळ्या वळणारे सोडले तर तिच्याकडे कुणी फिरकत नसे. आता तिथं भज्यांचा गाडा लागला होता, नारळवाले बसले होते, आणि पोरंटोरं लिंबावर चढून रस्त्याकडे डोळे लावून होती.

केज-वडगाव शिटांची ने-आण करणाऱ्या भागवतची जुनी पांढरी जीप माळावरून खाली आली. आत भागवत एकटाच होता. देवीसमोर त्यानं ब्रेक दाबला आणि मागची चाकं फिरायचीच थांबली. जीपचं बूड खडीवरून उजवीकडं घसरत गेलं आणि धुरळा खाली बसला तेव्हा जीपचं तोंड बरोब्बर जोखाईकडे होतं. बायाबापड्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं भक्तिभावानं बॉनेटवर डोकं टेकलं आणि चटका बसताच भक्तिभाव आवरता घेतला.

ओट्यावर बंकटनाथ महाराज उभे होते. गळ्यात रुद्राक्ष, मनगटाला घड्याळ, आणि मागं चांगलं दूधतूप खाल्लेले आठदहा शिष्य.

"मागच्या जल्मी ही जीप घोडी व्हती," महाराज म्हणाले. "जोखाईच्या दारची घोडी. चेसी नंबरावरून आमी तिची कुंडली मांडलीय. मालकीण दिसली की जनावर तिच्याकडं तोंड वळवतंच. आता लगाम आमच्या हातात कसा हाय, ते बघा."

महाराज शिष्यांसकट मागच्या बाकड्यांवर दाटीवाटीनं बसले. जीप वर गेली, पुन्हा खाली आली, भागवतनं तिथंच ब्रेक दाबला आणि जीप सरळच्या सरळ उभी राहिली. लोकांनी जयजयकार केला.

त्या गर्दीत रोहिणी मॅडमही होत्या. त्या वडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि एरवी रोज केजहून याच जीपनं यायच्या. भक्तीसाठी त्या आल्या नव्हत्या. सातवीचा अर्धा वर्ग लिंबावर बसला होता, तो उतरवायला आल्या होत्या. घोडीची कुंडली ऐकून त्यांना हसू आवरेना. हसून त्या परतल्याही असत्या, पण महाराजांचं अजून संपलं नव्हतं.

घोडी बिथरली कावून, असं विचारून महाराजांनीच उत्तर दिलं. घरात पांढऱ्या पायाची बाई आली म्हणून. येत्या अमावस्येच्या आत तिला माहेरी पोचवा, नाहीतर जीप एक दिवस मालकाचाच घास घेईल.

मॅडमचं हसू तिथंच विरलं. ती बाई म्हणजे सायली, भागवतची बायको, उन्हाळ्यातच लग्न होऊन आलेली. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. आईबाप कोयते घेऊन कर्नाटकातल्या कुठल्या कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते आणि घराला कुलूप होतं. म्हणजे पोरीला कुलपाच्या दारात नेऊन सोडायचं होतं. मॅडमचा संताप झाला. चमत्काराला त्या एकवेळ हसून सोडून देत, पण चमत्काराचं बिल कुणाच्या तरी लेकीच्या नावावर फाडलेलं त्यांना सहन होत नसे.

शाळा सुटल्यावर त्या सुंदररावांच्या घरी गेल्या. भागवतचे वडील सुंदरराव म्हशीपाशी गप्प बसले होते, आई वच्छलाबाई डोळ्याला पदर लावून. वच्छलाबाई दुष्ट नव्हत्या. एकुलता पोरगा त्या जीपमध्ये दिवसभर फिरतो, एवढ्या एका भीतीनं त्यांना ग्रासलं होतं. सायली एकटी चुलीपाशी होती. मॅडमनी तिला विचारलं, जीप वळते तेव्हा आत कोण कोण असतं?

सायलीनं याचा विचार आधीच करून ठेवलेला होता. पहिल्यांदा जीप वळली तेव्हा आत नवरा-बायको दोघंच होते, परळीहून वैजनाथाचं दर्शन घेऊन परतणारे. पुढं लोक घाबरले, जीपमध्ये बसेनात, मग भागवत रिकामा फिरू लागला आणि जीप पुन्हा पुन्हा वळू लागली.

"मॅडम, मी उसाच्या गाडीवर वाढले," ती हळूच म्हणाली. "मोकळी गाडी उतारावर लई उडती, भरलेली जमीन धरून चालती. महाराज बसले की जीप वळत न्हाई म्हणत्यात. पण महाराज एकटे कवा बसलेत?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. एवढा साधा प्रश्न आपल्याला वळणावर का सुचला नाही, याची त्यांना थोडी लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजारतळ मोकळा होता. मॅडमनी भागवतला जीप घेऊन बोलावलं, घसरडं व्हावं म्हणून जमिनीवर दोन घागरी पाणी मारायला लावलं आणि जीप बेताच्या वेगानं आणायला सांगितलं. गाव जमलंच, बोलवावं लागलं नाही. रिकामी जीप आली, ब्रेक लागला आणि ती अर्धी गरकन वळली. इथं जोखाई नव्हती. तोंड झालं होतं सार्वजनिक मुतारीकडं. मागच्या जन्मी घोडी तिथं कुणाची चाकरी करत होती, असं मॅडमनी सहज विचारलं.

मग सुंदररावांच्या गोठ्यातली सरकी पेंडीची पोती आणून मागच्या बाकड्यांवर रचली. जीप त्याच ओल्या जागेवर आली, तेवढ्याच वेगानं, आणि सरळ थांबली. पोती उतरवली, वळली. पोती चढवली, सरळ थांबली. महाराजांनी हिमालयात बारा वर्षं तप केलं होतं म्हणे. पेंडीच्या पोत्यांनी ते कुठं आणि कधी केलं, हे कुणालाच सांगता येईना.

तरी वच्छलाबाईंचं मन मानेना. पोती काय, देवी काय, जीप वळते हे खरंच की, असं त्या म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. पोरासाठी कारण हाती लागायला हवं होतं.

ते लागलं केजला, युवराज मिस्त्रीच्या गॅरेजात. जीप वर उचलली, सायली आणि वच्छलाबाई दोघीही खाली वाकून बघत होत्या. मागच्या ॲक्सलच्या वर चेसीला एक मुठीएवढा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. युवराजनं सांगितलं ते असं. गाडी भरली की बूड दबतं, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा पुरा जोर सोडतो. गाडी मोकळी असली की बूड वर येतं आणि व्हॉल्व्ह तो जोर कमी करतो, कारण हलक्या बुडाला पुरा जोर दिला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. उतारावर तर बूड आणखीच हलकं होतं. या जीपचा व्हॉल्व्ह भरल्या गाडीच्या जागी गंजून चिकटून बसला होता. जीप रिकामी असली तरी त्याला ती भरलेलीच वाटत होती.

युवराजनं दांडीवर पाना ठोकला, ती तसूभर हलली नाही. वर पांढरा थर होता. त्यानं तो बोटानं खरवडला, जिभेला लावला आणि खारटपणानं तोंड वाकडं केलं.

"ह्याचं लोणचं कुणी घातलंय बे भागवत?"

भागवतनं आईकडे बघितलं. दर अमावस्येला वच्छलाबाई जीपची दृष्ट काढायच्या आणि उतरवलेलं खडेमिठाचं पाणी बादलीभर गाडीखाली, मागच्या चाकांपाशी मारायच्या. जीप घेतल्यापासून एक अमावस्या चुकवली नव्हती. पोराच्या जिवाला जपायचं म्हणून.

युवराजनं नवा व्हॉल्व्ह बसवला, दांडी मापात जोडली. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती आणि त्यासाठी कुणीतरी आत बसून पायानं ब्रेक दाबायला हवा होता. भागवत पुढं झाला, तोवर सायली जाऊन बसली. "दाब," म्हटलं की दाबायची, "धर," म्हटलं की धरायची. ज्या पायावर साऱ्या गावाचा ठपका होता, तो पाय ब्रेकवर घट्ट रोवला होता. वच्छलाबाई त्या पायाकडे बराच वेळ बघत होत्या.

पुढच्या मंगळवारी, अमावस्येच्या आदल्या दिवशी, पुन्हा वळण भरलं. महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ती बाई जीपमध्ये असेल तर आज घोडी उधळणार. वच्छलाबाईही अजून डळमळत होत्या. आज जीप वळली तर सायलीला तिथूनच शिरूरला नेऊन घालायचं ठरलं होतं. रोहिणी मॅडम रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांचा विज्ञानावर पुरा विश्वास होता, खडीवर तेवढा नव्हता.

जीप उतरली. आत भागवत आणि सायली, मागं वारा. ब्रेक लागला, धुरळा उडाला आणि जीप सुतासारखी सरळ थांबली. तोंड रस्त्याकडं.

गर्दी जरा हिरमुसली. चमत्कार बघायला आलेल्यांना न झालेला चमत्कार गोड लागत नाही. महाराजांनी लगेच हात वर केला आणि काल रात्री आपण पूजा बांधली होती, तिचंच हे फळ, असं सांगितलं. मॅडमनी पिशवीतून गंजलेला जुना व्हॉल्व्ह काढला.

"मग युवराज हा परत बसवील," त्या म्हणाल्या. "शिष्य खाली राहू द्या. तुम्ही एकटेच बसा, महाराज. लगाम तुमच्या हातात आहेच."

महाराजांना तेवढ्यात मौनव्रत आठवलं. ते डोळे मिटून बसले, आणि भज्यांच्या गाड्यावर कुणीतरी फस्सकन हसलं.

वच्छलाबाई पुढं आल्या. एकच शंका राहिली होती. समदं खरं, पण हे लग्नानंतरच कावून झालं? मॅडम म्हणाल्या, लग्नाआधी तुमची जीप शीट भरल्याबिगर स्टँडवरून हलली होती का कधी? दोघंच मोकळ्या जीपनं पहिल्यांदा गेले ते लग्नानंतर. दोष आधीपासूनच होता, दिसला तो तेव्हा.

सुंदरराव इतके दिवस एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"पर मिठाचं पाणी तर लई वर्सं पडतंय. मग माहेरी कुणाला धाडायचं म्हंता?"

सारं वळण हसलं. वच्छलाबाईंनी पदर तोंडावर घेतला, त्याही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सायली मात्र हसली नाही. ती जीपमधून उतरली, आधी जोखाईला हात जोडले, मग सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्या, देवीला हात जोडा, मीबी जोडते," ती म्हणाली. "पर गाडी वळली तर गाडीखाली वाकून बघा. सुनंच्या पायाकडं बघून गाडी दुरुस्त व्हत न्हाई."