खंडेनवमीनंतरचा कीबोर्ड

दसऱ्यानंतर लोहाऱ्यातला कॉम्प्युटर क्लास उघडला त्याच सकाळी गिरिजाबाई खुर्ची मागं सारून उठल्या.

"न्हाय जमायचं मला. कवाधरनं नाव लिवतीया, एक अक्षर उमटंना. अन् ह्यो बाण बघा, मोकाट सुटल्यागत पळतोय."

गिरिजाबाई महिला गटाच्या अध्यक्ष. गटाच्या डाळमिलच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर ठेवायच्या होत्या. बाईंना येत नसेल तर सरपंचाच्या पुतण्याला बसवू, असं गावात जवळपास ठरलंच होतं; आणि तो पुतण्या बाईंना डाळमिलच्या दारातही नको होता.

"बसा मावशी," निकिता म्हणाली. "तुमचं चुकलंय का मशीनचं, ते आधी बघू."

ती फिजिक्सची पदवीधर. क्लासमध्ये शिकवायला लागून तिला थोडेच महिने झाले होते. वायरलेस माऊसची बॅटरी संपली म्हणावं, तर बाण जागचा हलला नसता. बाण पळत होता, म्हणजे त्याला कुणीतरी पळवत होतं.

तेवढ्यात आतल्या टेबलावरून क्लासचे मालक गौरीशंकर ओरडले, "निकिता, व्हायरस शिरलाय! नव्या बॅचची नोटीस नवमीपासनं उघडीच हाय, छापायला गेलो, तर माऊस ऐकंना अन् अक्षरं आपोआप उमटायलीत."

ते माऊस टेबलावर गरागरा फिरवत होते.

"सर, हात उचला जरा."

त्यांनी हात उचलला. इकडं गिरिजाबाईंचा बाण थांबला.

"आता गोल फिरवा."

बाण गोल फिरला. निकिताला हसू आवरेना.

"सर, खंडेनवमीला मी बेंबळीला घरी होते. पूजा कशी मांडली होती?"

"सगळे कीबोर्ड-माऊस टेबलावर मांडले. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग परत ठेवले जागेवर."

"ज्याचे त्याच्याच जागेवर?"

"सगळे सारखेच तर आहेत की!"

"दिसायला. पण प्रत्येक जोडीचा एक नखाएवढा रिसीव्हर आपापल्या कॉम्प्युटरच्या मागं बसवलेला आहे. जोडी त्याचंच ऐकते, कुठंही ठेवा. मावशींच्या पुढ्यात तुमची जोडी आलीय आणि तुमच्याकडं त्यांची."

गौरीशंकर लगेच कीबोर्ड उचलायला निघाले. निकितानं त्यांना थांबवलं, त्यांचा पडदा गिरिजाबाईंकडं वळवला आणि म्हणाली, "मावशी, आता तिथूनच लिहा. नजर इकडं."

गिरिजाबाईंनी एकेक बटण शोधून दाबलं. नोटिशीच्या तळाला, सही करतात त्या जागी, त्यांचं नाव उमटलं. त्याच्या वर तेच नाव आधीच दोनदा होतं.

"म्हंजी मगाधरनं म्या बरोबरच लिवत हुते?"

"पहिल्यांदा एक वेलांटी चुकलीय. पुढचं सगळं बरोबर."

गिरिजाबाई खुर्ची पुढं ओढून ऐसपैस बसल्या.

"सर, ही नोटीस हाय अशीच छापा."

"अहो, त्यावर तुमचं नाव..."

"म्हणूनच. सरपंचाच्या पुतण्याला दावते. नवी बॅच हाय म्हणावं, शिकायचं आसंल तर ये."