कडांची गाठ

भारत कडांच्या, म्हणजे आप्पांच्या, घरात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होता. नवा ट्रॅक्टर घ्यायचा? बघू. शिर्डीला जाऊन यायचं? बघू. त्यामुळे त्यांच्या लेकीनं, निकितानं, जेवताना सांगितलं, की नोव्हेंबरअखेर मुंबईहून कोचीला एक शिडाची बोट जाणार आहे, बारा दिवस, नुसत्या वाऱ्यावर, आणि तिच्यावर नवख्या माणसासाठी एक जागा आहे, तेव्हा आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “बघू.”

झालं. विषय संपला. निदान आप्पांच्या लेखी संपला.

“अहो आप्पा, ऐका तरी! खास मला बघायला येतायत बोटीच्या कॅप्टन मॅडम. या रविवारी. आमच्या धरणावर!”

“ऐन डिपिंगच्या टायमाला बारा दिवस? घड औषधात मी एकट्यानं बुडवू का? आन तुला इहिरीत पवायला शिकवलं म्हणून काय समुद्र आपल्या बांधाला लागला का?”

आईनं पिठलं वाढता वाढता डोळे मिचकावले. म्हणजे तू गप बस, मी बघते. पण आईचं ‘बघते’सुद्धा आप्पांच्या ‘बघू’पुढे आजवर कधी टिकलं नव्हतं.

आता दिंडोरीची द्राक्षबागाईतदाराची पोर शिडाच्या नादाला लागलीच कशी, हे विचाराल तर त्याला कारण गंगापूर धरण. नाशिकला एका लॅबमध्ये माती-पाणी तपासायची नोकरी लागली, आणि एका रविवारी मैत्रिणींबरोबर धरणावर मका खायला गेली. पाण्यावर पांढरं शीड दिसलं. होडीला इंजिन नाही, वल्ही नाहीत, आणि बया निघाली की वाऱ्याला तिरकी कापत! निकिताचा मका हातातच राहिला. ती तशीच उतार उतरून तिथल्या क्लबवर गेली आणि ज्ञानेश सरांना म्हणाली, “मला हे करायचंय.”

ज्ञानेश सर म्हणजे क्लबाचे मास्तर, वॉचमन आणि सुतार, सगळं एकच माणूस. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “होड्या धू.”

दुसरी असती तर नाक मुरडून गेली असती. निकितानं दोन महिने होड्या धुतल्या. शिडं वाळवली, घड्या घातल्या. शर्यतीच्या दिवशी झेंडे हलवले. मग कुणाचा जोडीदार आला नाही की सर ओरडायचे, “निकिता, बस! वजन पाहिजे!” आणि ही पोतं बसावं तशी बसायची. पोतं बसल्या बसल्या शिकत होतं. वारा कुठून येतो ते आधी पाण्यावरच्या सुरकुत्यांवरून कळतं, पुढच्या छोट्या शिडाचा दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा, होडी कलली की अंग बाहेर कसं टाकायचं, एका ओढीत सुटणारी बोटीवरची गाठ कशी मारायची. आणि हे सगळं ती रात्री लिहायची. कशात? तर बागेच्या फवारणीच्या वहीत! पुढून आप्पांचं ‘तारीख, औषध, प्रमाण’ आणि मागून निकिताचं ‘तारीख, वारा, किती तास, काय चुकलं’. वर्षभरात एकशे चाळीस तास झाले होते.

मग एके दिवशी क्लबाच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘क्रू पाहिजे. एक जागा. अनुभव थोडा चालेल, आळस चालणार नाही. कॅप्टन तेजस्विनी.’ निकितानं लॅबमध्येच अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बाईंच्या हातून परीक्षानळी सुटली.

इच्छुक दोघंच उरले. एक निकिता आणि दुसरा रविराज. रविराज नाशिक रोडचा, गोव्याला जाऊन रीतसर कोर्स करून आलेला. पोरगा वाईट नव्हता, उलट फार चांगला होता, तीच तर पंचाईत!

रविवारी सकाळी बागेत छाटणी चालू होती. मजूर कमी, म्हणून निकितानं दहापर्यंत काड्या छाटल्या, कात्री पँटच्या मागच्या खिशात खुपसली आणि स्कूटरला किक मारली. आप्पा बांधावरून नुसते बघत राहिले. अडवलं नाही, पण ‘जा’ही म्हणाले नाहीत.

कॅप्टन तेजस्विनी पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि बोलण्यात चवलीचीही खैरात नाही. त्यांनी फवारणीची वही मागल्या बाजूनं चाळली, ‘काय चुकलं’चा रकाना नीट वाचला आणि म्हणाल्या, “दोघांबरोबर एकेक फेरी मारते. मी सुकाणू धरणार, पुढचं शीड तुमचं.”

रविराजची फेरी लोण्यासारखी झाली. मग निकिताची पाळी.

सुरुवात काय झाली म्हणता! वारा असा भरला की होडी पाण्यावरून पळायलाच लागली. निकिता कडेवर बसून मागे झुकलेली, केस पाण्याला लागतायत, हातात दोर थरथरतोय आणि मॅडम हसतायत. हो, हसतायत! “शाब्बास! ओढ अजून!” निकिताला वाटलं, आपण ओरडून दिंडोरीपर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी म्हणावं.

फक्त एक भानगड होती. दोर अडकवायची खाच झिजली होती. दोर अडकवला की सुटे, अडकवला की सुटे. तळहात सोलवटले. आणि मग निकितानं ते केलं, जे कडांच्या घरात जन्मलेलं माणूसच करू जाणे.

त्याचं असं आहे, की आप्पांची गाठ पंचक्रोशीत प्रसिद्ध. बागेच्या तारांना बांधायची, अवकाळीत प्लास्टिकच्या आच्छादनाला बांधायची. दोन वेढे, एक उलटा फास, आणि वर पायानं ताण. आप्पा मिशीवर हात फिरवत सांगायचे, “बाग जाईल, पन भारत कडाची गाठ जायची नाय.” तीस वर्षांत त्यांनी ती कधी सोडवली नव्हती. हंगाम संपला की कात्रीनं कापायची. निकिता ही गाठ पहिलीत शिकली, पाढ्यांच्या आधी.

तर तिनं विचार न करता, हाताच्या सवयीनं, दोर शेजारच्या कडीला गुंडाळला. दोन वेढे, उलटा फास, ताण. झकास! हात मोकळा झाला.

आणि डोंगराकडून झोत आला. “सोड!” मॅडम ओरडल्या. निकितानं गाठीला हात घातला. गाठ कशाला सुटते? कडांची ना ती! “सोड, सोड!” नखं मोडली. होडी कलली, कलली आणि भसकन आडवी झाली. सात वेळा कोचीला जाऊन आलेल्या कॅप्टन मॅडम गंगापूर धरणात पडल्या.

निकितानं पाण्यातून डोकं वर काढलं. संपलं सगळं. पण रडायला वेळ कुठं होता? ते शीड बांधलेलंच राहिलं तर होडी उभी केली तरी परत आडवी होणार, हे तिला वहीतल्या सतराव्या पानावरून पाठ होतं. हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला. छाटणीची कात्री! तिनं डुबकी मारली, दोर चाचपला आणि गाठीपासून वीतभरावर कचकन कापला. मग दोघींनी होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून ती सरळ केली आणि चिंब होऊन परतल्या.

काठावर ज्ञानेश सर धावत आले. “मॅडम, खाच झिजली होती, मीच बदलायला हवी होती...”

“गाठ कुणी मारली?” मॅडमनी विचारलं.

खाचेवर ढकलायला चांगली वाट होती, सरांनी आयती उघडून ठेवलेली. निकिता एक पाऊल पुढे आली.

“मी, मॅडम. आमच्या घरची गाठ आहे. ती सुटत नाही.”

मॅडमनी स्क्रूड्रायव्हर मागवला, कडी गाठीसकट उखडून काढली आणि निकिताच्या हातावर ठेवली. “कापलीस ते बरोबर. पण समुद्रात दर वेळी दोर कापत बसलीस तर कोचीला काय घेऊन पोचशील? जो गाठ मारतो त्याला ती सोडवता आली पाहिजे. पुढच्या रविवारपर्यंत ही सोड. कापायची नाही. सुटली तर जागा तुझी, नाही तर रविराजची.”

आठवडा काय गेला म्हणून सांगू! वाळल्यावर गाठ दगड झाली. निकितानं सुईनं टोकरली, पक्कडीनं ओढली, बस थांब्यावर दातानं चावली. आईनं साबण लावून बघितला. लॅबमधल्या बाईंनी ग्लिसरीन दिलं. गाठ जशीच्या तशी.

बुधवारी आप्पांनी खिडकीत ठेवलेली ती गाठीची कडी पाहिली. उचलली, फिरवली, आणि चेहरा असा खुलला की बस.

“ही तर आपली गाठ! पान्यातबी नाय सुटली?”

“नाही आप्पा. आणि सुटली नाही तर माझी जागा गेली.”

आप्पांचा चेहरा बदलला. त्यांना आनंद झाला असणार, असं निकिताला वाटलं. वाटणारच! पोरगी घरी राहणार आणि गाठीची अब्रूही राहणार, एका दगडात दोन पक्षी. ते कडी परत ठेवून म्हणाले, “बघू.” निकिताला इतका राग आला की ती न जेवता झोपली.

शनिवारी सकाळी उठते तर खिडकीत कडी नाही! “आई, कडी?” आईला माहीत नाही. निकिता अनवाणी बागेत धावली. आता आप्पांनी फेकलीच असेल तर मी आयुष्यात बोलणार नाही, असं ठरवत ठरवत ती तिसऱ्या ओळीपर्यंत गेली.

आप्पा मांडवाखाली उकिडवे बसले होते. मांडीवर कडी. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. शेजारी लाकडी मोगरी आणि विझलेल्या तीन बिड्या.

“आप्पा! कापली?”

“कापतो कशाला?” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “दोन राती झटतोय, तू निजल्यावर. ओढून नाय सुटत ती. ओढशील तेवढी आवळती. मोगरीनं जरा नरम करायची, आन हा दोर हिथून आत ढकलायचा. आत. मग सुटती.”

“म्हणजे... सुटली?”

“सुटली.” तीस वर्षांची फुशारकी त्या एका शब्दात गेली, आणि आप्पांनी ती जाऊ दिली.

निकितानं कडी हातात घेतली आणि बघते तर गाठ होतीच. घट्ट, पायाचा ताण देऊन मारलेली, पहिल्यापेक्षा आवळ!

“अहो, मग ही?”

“मी परत मारली.” आप्पा उठले, गुडघे झटकले. “आता तू सोड. बोटीवर मी नसनार.”

निकिता तिथंच मातीत बसली. मोगरी हाणली, दोर आत ढकलला, अंगठा सोलला, पुन्हा ढकलला. आप्पा कंबरेवर हात ठेवून उभे. “आत, आत! ओढू नको, तुला सांगितलं ना!” अर्धा तास गेला. मग गाठीनं एक श्वास सोडल्यासारखं केलं, एक वेढा ढिला झाला, दुसरा झाला, आणि कडी टणकन दगडावर पडली.

निकितानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या बागेतले मजूर काम टाकून उभे राहिले. तिनं मोकळ्या दोराचा फोटो काढला, मॅडमना पाठवला आणि आप्पांच्या गळ्यातच पडली. उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘वीस नोव्हेंबरला तयारीला मुंबईत ये. कात्री आण.’

“काय म्हनती बाई?” आप्पांनी विचारलं.

“या म्हणाल्या! आप्पा, जाऊ ना मी?”

आप्पांनी तोंड उघडलं, आणि निकिताला तो शब्द आधीच ऐकू आला. पण त्यांनी खाली वाकून दोर उचलला, तिच्या हातात दिला आणि मांडवाच्या खांबाकडे बोट दाखवलं.

“जा. पन आधी ती तुझ्या वहीतली, बोटीवरची गाठ दाखव मला. एका ओढीत सुटती ती.”