टाचणी उसात होती

नव्व्याण्णव साली नागापूरच्या एमआयडीसीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि आपल्याला सगळं कळतं हा आजारही होता. त्यामुळे कारखानदार आप्पासाहेबांच्या जावयाने सिंगापूरहून गाडीचा ठावठिकाणा सांगणारं मशीन आणलं, तेव्हा ते बसवायला मलाच बोलावणं आलं.

त्यांचे ड्रायव्हर जालिंदरभाऊ. त्यांच्या टेम्पोत, डॅशबोर्डखाली, त्यांना न सांगता मी ते डबडं बसवलं आणि त्यात सिमकार्ड घातलं. मग साहेबांच्या मोबाईलवरून मेसेज धाडले. पहिल्याने पासवर्ड बदलला, दुसऱ्याने मालकाचा नंबर नोंदवला. तिसरा, 'कुठे आहेस' विचारणारा, हवा तेव्हा पाठवायचा. उत्तरात नुसते अक्षांश-रेखांशाचे आकडे यायचे. त्यावरून केबिनमधल्या नकाशात टाचणी टोचायची, हे माझं काम.

गुरुवारी भरदुपारी टेम्पो राहुरीत अर्धा तास थांबला. टाचणी टोचली तर ती पडली उसात! उभ्या उसात टेम्पो कसा शिरेल? उसाच्या एका अंगाला देशी दारूचं दुकान, दुसऱ्या अंगाला मुलींचं वसतिगृह. पन्नाशीचा ड्रायव्हर वसतिगृहात कशाला जाईल? आप्पासाहेब मोबाईल माझ्याकडे ठेवून बाहेर गेले होते. ते यायच्या आत मी टाचणी उपटली आणि दारूच्या दुकानावर टोचली. त्यांच्यासमोर 'मला कळत नाही' म्हणायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी गेटवर, सगळ्या कामगारांसमोर आप्पासाहेबांनी जालिंदरभाऊंकडून किल्ली काढून घेतली. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

"साहेब, बावीस प्रतिज्ञा घेतलेला मानूस हाय मी. दारूला शिवत न्हाई," भाऊ म्हणाले.

"मग अर्धा तास तिथं काय करत होतास?"

भाऊंनी जमलेल्या कामगारांवरून नजर फिरवली.

"मशीन खोटं बोलत नसतं," साहेब म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

शनिवारी एक मुलगी दुकानात आली आणि तिने माझ्या टेबलावर स्टीलचा रिकामा डबा ठेवला.

"मी यशोधरा. जालिंदर साळव्यांची मुलगी. मशीन तुम्हीच बसवलंत ना?" ती म्हणाली. "गुरुवारी पप्पा वसतिगृहाच्या दारात माझ्याजवळ बसले होते. दर गुरुवारी आईच्या हातचा डबा आणतात. पोरीचं नाव गेटवर चारचौघांत नको, म्हणून बोलले नाहीत. तुमच्या मशीनला मी दिसले नाही का?"

ती गेल्यावर मी मशीनचा कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, जागा शंभर मीटर इकडेतिकडे दाखवेल. बिचाऱ्या मशीनने जमेल तितकं खरं सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती ती मी. त्या डब्याकडे बघताना मला माझीच किळस आली.

सोमवारी मी आप्पासाहेबांना डबा दाखवला, कागद दाखवला. साहेब माणूस दिलदार. त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं आणि गेटवर, सगळ्यांसमोर किल्ली परत दिली. मला म्हणाले, "सांग सगळ्यांना, काय झालं ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. उसातली टाचणी ओठांपर्यंत आली होती.

"मशीन चुकलं," मी म्हणालो.

लोक हसले, मशीनला दोन शिव्या हासडून कामाला गेले. जालिंदरभाऊ मात्र माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"मशीन चुकलं व्हय? लई बरं झालं, गहिनीनाथ. मला वाटलं, ह्यानं मुद्दाम केलं. चार दिस मनातल्या मनात तुला लई वंगाळ बोललो बाबा. तेवढी माफी कर."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. आणि मी, निलाजरा, त्यांना म्हणालो, "असू द्या, भाऊ."