कोपऱ्यातला मीटर

थांबा, आत्ताच ऐका. पुढच्या क्षणाला माझा आकडा बदललेला असेल. मी बोलतोय या घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून, खालच्या कोपऱ्यातून. नेटवरून काय आलं ते माझा खालचा बाण सांगतो, काय गेलं ते वरचा. शेजारी मशीनवर किती ताण आहे तोही दिसतो. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही.

मला इथे आणलं सूनबाईंनी. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून त्या टाइप करतात आणि संध्याकाळी पाठवतात. मशीन रडतखडत चालायला लागलं आणि रिपोर्ट उशिरा पोचायला लागले. काम देणाऱ्या ऑफिसच्या बाईंनी ठणकावलं, "असाच उशीर होत राहिला तर काम दुसरीला देईन." त्या दिवसापासून सूनबाईंचा अर्धा जीव टाइप करण्यात आणि अर्धा माझ्यात.

संध्याकाळी माझे आकडे फुगायचे. नेमके तेव्हाच सासरे शेजारच्या खोलीत मोबाइलवरून परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलत बसायचे. झालं! सूनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, बघा ना, सगळं नेट तिकडे जातंय. काही दिवस कॉल बंद ठेवाल का?"

"अगं, आधी सांगायचंस ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

माझी नुसती तडफड झाली. अहो, मी फक्त या कॉम्प्युटरचा हिशेब ठेवतो! बाबांच्या मोबाइलचं मला काय कळणार? पण मला तोंड कुठे आहे? मी आपले आकडे बदलत राहिलो.

कॉल थांबले, उशीर थांबेना. बाबा संध्याकाळी नुसते येरझाऱ्या घालायचे. मोबाइल वाजला तरी उचलायचे नाहीत. शेवटी एकदा सूनबाईंनी वैतागून माझ्यावर क्लिक केलं, तेव्हा कुठे त्यांना दिसलं कोण किती खातंय ते. फोटो जपून ठेवणारा त्यांचाच प्रोग्रॅम एक भलामोठा व्हिडिओ नेटवर पाठवत होता, मध्येच अडकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. माझा वरचा बाण इतके दिवस हेच सांगत होता. त्यांनी मात्र तो आकडा बाबांच्या कॉलचा धरला होता!

त्यांनी तो प्रोग्रॅम बंद केला. रिपोर्ट झटक्यात गेले. मग त्या बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, ताईंना फोन लावा."

"राहू दे गं. तुझं काम महत्त्वाचं."

सूनबाईंनी स्वतःच फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "बाबा, माझ्यावर रागावला होतात का?"

"छे गं! इकडे नेटच खराब होतं."

सूनबाईंना ते ऐकवेना. त्या पुढे झाल्या. "ताई, नेट चांगलं होतं. मीच त्यांना कॉल बंद करायला लावले. चुकलं माझं."

 पलीकडून ताईंचा रडवेला आवाज आला, "वहिनी, मला वाटलं बाबांना काहीतरी झालंय आणि तुम्ही लपवताय."

मी अजून इथेच आहे, तसाच अस्वस्थ. माझं एवढंच मागणं आहे. मला बघा, खुशाल बघा, पण माझा आकडा दाखवून घरातल्या माणसाला गप्प करण्याआधी एकदा माझ्यावर क्लिक करून पाहा.