इक्वेडोरचा बंगला

यंत्रावर दत्तात्रयच्या हृदयाचा ठोका पुन्हा अडतीसवर आला आणि त्याची बायको अलका खाटेजवळ सरकली. सकाळी शाहपुरात केळीचा ट्रक भरता भरता तो उभ्या उभ्या कोसळला होता. महिन्यातली ही तिसरी खेप. व्याही वसंतभाऊंनी आपल्या गाडीत घालून त्याला बुऱ्हाणपुरात दवाखान्यात आणलं, आणि तेव्हापासून ते खाटेशीच ठाण मांडून बसले होते. माणूस भला, पण आज इथे नसता तर बरं झालं असतं, असं अलकाला वाटत होतं.

"हृदय तसं बरं आहे. त्याला हुकूम देणारे मज्जातंतू बिघडलेत," डॉक्टर प्रतिभा म्हणाल्या. "शुगर नाही, दारू नाही. परदेशात कुठे होतात कधी?"

"इक्वेडोरला. केळीच्या कंपनीत, चार साल."

"राहायला?"

"कंपनीचा बंगला. एसीवाला," दत्तात्रय म्हणाला.

अलकानं पदर मुठीत आवळला. बंगला कसला न् काय! मातीच्या भिंती, ताडाच्या पानांचं छप्पर, आणि झोपेत अंगावर पडणारे ढेकणासारखे मोठाले किडे. हे त्यानं फक्त तिला सांगितलं होतं. गावाला बंगलाच ठाऊक. त्या बंगल्याच्या जोरावर तर लेकीची, दीपालीची सोयरीक वसंतभाऊंच्या योगेशशी जुळली होती. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!

यंत्रावर छत्तीसचा आकडा आला. अब्रू गेली तर जाऊ दे, माणूस राहिला पाहिजे.

"मॅडम, हे खोटं बोलू राहिले," ती म्हणाली. "मातीच्या झोपडीत राहत होते. किडे चावायचे. एकदा तर आठ दिवस डोळा सुजला होता, एकदम बंद."

दत्तात्रयनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. त्या किड्यांमधून एक परजीवी रक्तात शिरतो. वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि आतून हे मज्जातंतू खराब करतो. आधी तपासणी करू. तेच निघालं तरी पेसमेकरनं ठोका सांभाळता येईल."

अलकाला रडूच फुटलं. माणूस वाचत होता.

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "परत आल्यावर रक्त दिलंत कुणाला?"

दत्तात्रय भिंतीकडून इकडे वळला. मग त्यानं हात लांबवून व्याह्यांचा गुडघा धरला.

"भाऊ," तो म्हणाला, "योगेशच्या ऑपरेशनला मीच दिलं होतं ना."